सुरतेच्या खटल्यातील गैरहजर पक्षकार

सुरत हे नाव कानी पडताच मराठी वाचकाच्या मनात दोन प्रसंग उभे राहतात. एक १६६४ च्या जानेवारीतील शिवछत्रपतींच्या स्वारीचा. दुसरा १९०७ च्या डिसेंबरातील काँग्रेसच्या फाटाफुटीचा, ज्यात व्यासपीठावर भिरकावलेल्या एका मराठी जोड्याने इतिहासात स्थान मिळविले. या दोहोंत त्याच जिल्ह्यातील १९२८ च्या बारडोली सत्याग्रहाची भर घातली म्हणजे पारतंत्र्य आणि स्वातंत्र्य यांच्या दीर्घ वादातील तीन मोठ्या सुनावण्या एकाच भूमीवर झाल्या असे दिसून येईल. या तिन्हींवर विपुल लेखन झाले आहे. त्या लेखनाविषयी आम्हांस काही म्हणावयाचे आहे.

दिवाणी कायद्यात 'आवश्यक पक्षकार' अशी एक संज्ञा आहे. ज्याला दाव्यात सामील केल्यावाचून वादाचा परिणामकारक निकालच लागू शकत नाही, तो आवश्यक पक्षकार. त्याच्या पाठीमागे झालेला हुकूमनामा कितीही सुंदर भाषेत लिहिलेला असो, तो त्या माणसास बांधीत नाही. सुरतेविषयीचे आमचे इतिहासलेखन वाचताना ही संज्ञा वारंवार आठवते. या खटल्यात राजे आहेत, वखारवाले आहेत, नबाब आहेत, पुढारी आहेत, सारा भरणारे खातेदार आहेत. नाही तो एकच: ज्याच्या देहावर आणि श्रमावर दुसऱ्याची मालकी होती तो माणूस.

१

प्रथम १६६४ चा प्रसंग घेऊ. सुरत तेव्हा मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते, मक्केच्या यात्रेचा दरवाजा होता. इंग्रजांची आणि डचांची वखार तेथे होती. स्वारीची वार्ता येताच सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले. विरजी व्होरा, हाजी झाहीद बेग यांसारख्यांच्या हवेल्या लुटल्या गेल्या. सर जॉर्ज ऑक्झेंडनने इंग्रजांची वखार लढवून राखली. हे सारे आमच्या ग्रंथकारांनी बारकाईने लिहिले आहे. लुटीचा आकडा किती, ती न्याय्य होती की नव्हती, या प्रश्नांवर पिढ्यान् पिढ्या शाई खर्ची पडली.

परंतु त्याच दिवसांत सुरतेत आणखी एक मंडळी उतरली होती. हबशाणाच्या बादशहाचे वकील औरंगजेबासाठी नजराणे घेऊन निघाले होते. बर्नियेने आपल्या प्रवासवर्णनात या नजराण्यांची यादी दिली आहे, आणि तिच्यात निवडक गुलाम आहेत. त्यांतील काही तर कोवळ्या वयाची मुले. म्हणजे ज्या शहरातील सोन्यामोत्यांची मोजदाद आम्ही आजवर करीत आलो, त्या शहराच्या मालात माणसेही होती. त्या मुलांचे त्या चार दिवसांत काय झाले असेल, हा प्रश्न एकाही मराठी लेखकाने पोटतिडकीने विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

ही उपेक्षा अधिक खटकते ती अशासाठी की, या प्रश्नावर मराठ्यांच्या राजाजवळ स्वतःचे उत्तर होते. १६७७ साली कर्नाटकाच्या मोहिमेत महाराजांनी डचांना जो कौल दिला, त्यात पूर्वीच्या अमलात चालत आलेली गुलामांची खरेदी-विक्री आपल्या राज्यात चालू देणार नाही, असे स्पष्ट बजावले आहे. हा कौल डचांच्या दप्तरात सुरक्षित राहिला. आमच्या मते सतराव्या शतकातील भारतीय राज्यपत्रांत याच्या तोडीचे लेख फार थोडे सापडतील. असे असता आमच्या चरित्रग्रंथांत सुरतेच्या लुटीस प्रकरणेच्या प्रकरणे आणि या कौलास चार ओळी, हे प्रमाण कोणत्या न्यायाने ठरले?

अर्थात एका कागदावरून सगळी फिर्याद शाबीत होत नाही, हे आम्ही जाणतो. पुढे पेशवाईत कुणबिणींची आणि बटकींची खरेदी-विक्री होत होती; दप्तरात तिच्या किमतीसुद्धा नोंदलेल्या आहेत. म्हणून १६७७ चा कौल मिरवावयाचा असेल, तर त्याच्याशेजारी पेशवाईतील ही पाने ठेवण्याचे धैर्यही आमच्यात असले पाहिजे. जो इतिहासकार पहिला कागद दाखवितो आणि दुसरा झाकतो, तो वकील असेल, न्यायाधीश नव्हे.

२

१७५९ साली इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला आणि १८०० साली नबाबाकडून शहराचा सर्व कारभार काढून घेतला. यापुढे पारतंत्र्याचा लेख इंग्रजी कायद्याच्या भाषेत लिहिला जाऊ लागला, आणि येथे कायदा शिकलेल्या माणसाने थोडे थांबणे इष्ट आहे.

१८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारने हिंदुस्थानातील गुलामगिरी संपविली, असे शालेय पुस्तकांत लिहितात. कायदा वाचून पाहिला तर त्याने केले ते एवढेच: सरकारी अधिकाऱ्याने कोणास गुलाम म्हणून विकू नये, गुलामावरील मालकीहक्काची न्यायालयाने दखल घेऊ नये, गुलाम होता या कारणावरून कोणाची मिळकत हिरावू नये, आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा तो गुलामाविरुद्धही गुन्हाच समजावा. माणूस बाळगणे हा त्याने गुन्हा ठरविला नाही. माणसाच्या खरेदी-विक्रीस शिक्षा आली ती १८६० च्या दंडसंहितेने. दरम्यान १८५९ चा तेरावा कायदा झाला होता: आगाऊ पैसे घेऊन जो मजूर काम सोडील त्यास मॅजिस्ट्रेटने कामावर परत धाडावे, नाहीतर तुरुंगात पाठवावे. तो काढून टाकण्यास १९२५ साल उजाडावे लागले.

या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत सुरत जिल्ह्यातील 'हाळी' सापडला. हाळी म्हणजे नांगरहाक्या. तो बहुधा दुबळा जमातीचा असे. मराठी वाचकास त्या नावाचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. लग्नासाठी तो अनाविल ब्राह्मणाकडून किंवा पाटीदाराकडून रक्कम उचली आणि त्या दिवसापासून त्याचा देह त्या घरचा होई. धन्यास 'धणियामो' म्हणत. हाळीने शेत राबावे, त्याच्या बायकोने धन्याच्या घरी शेणगोठा, झाडलोट करावी, धन्याच्याच जमिनीवर झोपडी बांधून राहावे आणि रोजचे धान्य घ्यावे. कर्ज फिटत नसे. फिटावे अशी कोणाची अपेक्षाही नसे. मुलगा मोठा झाला की त्याचेही लग्न करावयाचे असेच. हाळी पळाला तर त्यास परत आणीत.

इंग्रजी न्यायालयाच्या दृष्टीने हा गुलाम नव्हता, कारण त्याला कोणी विकत घेतले नव्हते. तो ऋणको होता. त्याने करार केला होता! कराराचे स्वातंत्र्य हे ज्या कायद्याचे दैवत, त्या कायद्याने एका माणसाला आपले सारे आयुष्य गहाण टाकण्याचे स्वातंत्र्य उदारपणे बहाल केले.

३

आता तिसऱ्या प्रसंगाकडे, म्हणजेच बारडोलीकडे वळू. या सत्याग्रहाचा प्रमाणग्रंथ म्हणजे महादेवभाई देसाई यांचा १९२९ साली अहमदाबादच्या नवजीवन मुद्रणालयातून निघालेला बारडोलीचा इतिहास. तो गुजरातीत आहे, इंग्रजीतही आहे. महादेवभाई सुरत जिल्ह्यातीलच. ओलपाड तालुक्यातील सरस गावी १८९२ साली त्यांचा जन्म झाला. ते कायद्याचे पदवीधर होते, आणि जातीने अनाविल होते. सत्याग्रहानंतरच्या चौकशीत शेतकऱ्यांची बाजू मांडणाऱ्या तिघांत, नरहरी परीख आणि रामनारायण पाठक यांच्याबरोबर, तेही होते.

ग्रंथाचे गुण आधी सांगितले पाहिजेत. सरकारी अंमलदार जयकर यांनी तालुक्याचा सारा सुमारे ३० टक्क्यांनी वाढवावा असे सुचविले. सरकारने शेवटी सुमारे २२ टक्के वाढ कायम केली. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी शेतकऱ्यांनी वाढीव सारा न भरण्याचा निश्चय केला. जप्त्या झाल्या, गुरे धरली गेली, जमिनी खालसा झाल्या. वल्लभभाईंना 'सरदार' ही पदवी याच लढ्याने दिली. ऑगस्टात तडजोड झाली आणि ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांची चौकशी नेमली गेली. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. त्यांच्या चौकशीत सरकारी आकड्यांचा पायाच कच्चा ठरला आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास उतरली. सरकारचे आकडे सरकारवरच उलटविण्याचे हे काम महादेवभाईंनी ज्या शांतपणे आणि नेमकेपणाने लिहून काढले आहे, त्याची बरोबरी करणारा ग्रंथ आमच्याकडे नाही. महसुलाच्या कज्जात हात घालणाऱ्या प्रत्येक वकिलाने तो वाचावा.

तथापि ग्रंथाचे बळ आणि ग्रंथाची मर्यादा एकाच ठिकाणी आहेत. हा साऱ्याचा दावा आहे. साऱ्याच्या दाव्यात वादी तो, ज्याच्या नावे खाते असते. हाळीच्या नावे खाते नव्हते, म्हणून जप्त करण्यासारखे त्याच्यापाशी काही नव्हते, म्हणून त्यागाच्या यादीतही त्याचे नाव लागू शकत नव्हते. शेतीच्या उत्पन्नातून खर्च वजा करून खातेदारास काय उरते, हे दाखविताना शेतावर राबणारा माणूस खर्चाच्या रकान्यात जातो. तेथे तो बैलाच्या वैरणीशेजारी बसतो. हा दोष महादेवभाईंच्या अंतःकरणाचा नव्हे, त्यांच्या करुणेविषयी शंका घेणारा मूर्ख ठरेल. हा दोष दाव्याच्या मांडणीचा आहे. पण ग्रंथाचे नाव बारडोलीचा इतिहास असे ठेवले की मांडणीचा दोष ग्रंथाचा दोष होतो.

यावर एक उत्तर ठरलेले असते: त्या वेळी हाळीचा प्रश्न काढला असता, तर खातेदार बिथरले असते आणि सरकार जिंकले असते. रणनीती म्हणून या उत्तरात तथ्य आहे. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौऱ्यानंतर याच बारडोलीत काँग्रेसच्या कार्यकारिणीने चळवळ थांबविली, तेव्हा तिने जमीनदारांच्या कायदेशीर हक्कांवर हल्ला करण्याचा काँग्रेसचा हेतू नाही, असे ठरावातच नमूद केले होते. त्या पुढाऱ्यांना काय सांभाळावयाचे आहे हे पुरते ठाऊक होते. परंतु सेनापतीने काय टाळावे आणि इतिहासकाराने काय टाळावे, हे दोन प्रश्न निराळे आहेत. सेनापतीला लढाई जिंकावयाची असते. लढाई संपल्यावर लिहिणाऱ्याला ती कोणाच्या पाठीवर जिंकली हे सांगण्यास कोणाची आडकाठी होती?

४

हे सांगता येते की नाही, याचा पुरावा आमच्याच भाषेत आहे. बारडोलीहून दक्षिणेस, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू आणि उंबरगाव या तालुक्यांत वारल्यांची वस्ती आहे. उंबरगावचा काही भाग तर १९६० च्या राज्यविभागणीत सुरत जिल्ह्यालाच जोडला गेला. तेथे हाळीचा सख्खा भाऊ 'लग्नगडी' या नावाने राबत होता. कर्ज तेच, लग्नाचे. गहाण तेच, आयुष्याचे. या लोकांच्या १९४५ च्या उठावाची कथा गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या ग्रंथात सांगितली, आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. गोदावरीबाईही कायद्याच्या पदवीधर. महाराष्ट्रातील पहिल्या स्त्री पदवीधरांपैकी.

हे दोन ग्रंथ एकामागून एक वाचावेत. दोन्ही कायदा शिकलेल्यांचे, दोन्ही चळवळीच्या आतून लिहिलेले, दोन्ही आपल्या बाजूविषयी निःशंक. अंतर पडते ते पहिल्याच प्रश्नात. महादेवभाई विचारतात, सरकारने घेतलेला सारा न्याय्य होता काय? गोदावरीबाई विचारतात, हा माणूस ताठ उभा का राहत नाही? पहिला प्रश्न कागदपत्रांनी सुटतो. दुसऱ्यासाठी पाड्यावर जाऊन राहावे लागते, घाबरलेल्या माणसाच्या मौनाचा अर्थ लावावा लागतो. म्हणूनच लग्नगडी सोडविण्यास वारली स्वतःच जमावाने निघाले, हा भाग त्या ग्रंथाचा कळस ठरतो. तेथे मुक्ती कोणी बहाल केलेली नाही. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याच्या गोळीबारात पाच माणसे मेली, त्यांतील जेठ्या गांगडचे नाव आज वाचकास ठाऊक आहे. बारडोली तालुक्यातील एका तरी हाळीचे नाव कोणास ठाऊक आहे काय?

गोदावरीबाईंच्या ग्रंथातही उणिवा आहेत. पक्षाची शिस्त त्यांच्या लेखणीवर पहारा देते. पक्षाबाहेरच्यांनी केलेल्या कामास तेथे उदार शब्द क्वचितच मिळतो. आणि वारली बोलू लागला तरी शेवटचा शब्द बहुधा लेखिकेचा असतो. पण आवश्यक पक्षकार तेथे हजर आहे. तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा आहे, आणि उलटतपासणीत टिकतो आहे. या परंपरेचे मूळ शोधू जाता १८७३ पर्यंत मागे जावे लागते. जोतीराव फुल्यांनी आपल्या ग्रंथास 'गुलामगिरी' हे नाव दिले आणि अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील सज्जनांस तो अर्पण केला, तेव्हा त्यांनी हाच मुद्दा मांडला होता: कोण कोणापासून स्वतंत्र होणार, हे आधी ठरवा.

५

हाळीची पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. १९३८ साली सुरत जिल्ह्यातील हरिपुऱ्यास सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली. पुढच्याच वर्षी, २६ जानेवारी १९३९ रोजी, सरदारांच्या पुढाकाराने बारडोली भागात हाळींच्या मुक्तीची घोषणा झाली. गांधीवादी कार्यकर्त्यांनी दुबळ्यांस 'हळपती' असे भारदस्त नाव दिले. तरीही स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई सरकारला हाळी मजुरांच्या स्थितीची चौकशी करावी लागली आणि दांतवाला व देसाई यांचा अहवाल १९४८ साली बाहेर आला. जे १९३९ साली संपले, त्याची १९४८ साली चौकशी का करावी लागावी? कोर्टात असा एक प्रश्न पुरेसा असतो.

यानंतर यान ब्रेमन हा डच समाजशास्त्रज्ञ १९६२-६३ साली दक्षिण गुजरातेत येऊन राहिला. ज्या डचांची वखार सुरतेत होती, त्यांच्या वंशजाने हाळीचा शोध घ्यावा, हा काळाचा विनोद म्हणावा लागेल. १९७४ सालच्या त्याच्या ग्रंथाचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. तो म्हणतो, हाळीच्या संबंधात पिळवणूक होती तसा आश्रयही होता. हाळी बाळगणे ही धन्याची प्रतिष्ठा होती, आणि उपासमारीच्या महिन्यांत हाळीस धन्याच्या दारी हक्क सांगता येत होता. नगदी पिके आली, रोजंदारीवर माणसे स्वस्त मिळू लागली, तेव्हा धन्याने आश्रय काढून घेतला. पिळवणूक मागे राहिली. हाळीची बेडी तुटली, ती बव्हंशी धन्यालाच ती बाळगणे परवडेनासे झाल्यामुळे.

'आश्रय' हा शब्द ब्रेमनच्या हाती निर्दोष आहे. पण धन्यांच्या नातवांच्या हाती तो फार सोयीचा ठरतो, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. आमच्या पूर्वजांनी त्यांना पोटच्या पोरांसारखे वागविले, असे म्हणावयास एक शास्त्राधार मिळतो. गोमंतकीय वाचकास हे वाक्य परके वाटणार नाही. भाटकार आणि मुंडकार यांच्या नात्याविषयी हेच बोलले गेले आहे: घरासाठी जागा दिली, अडीनडीस भात दिले, मग कष्ट घेतले तर बिघडले काय? गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. मुंडकारास घरातून हुसकण्यापासून संरक्षण देणारा कायदा आला १९७५ साली. या चौदा वर्षांत मुंडकार कोणत्या राष्ट्राचा नागरिक होता, हा प्रश्न गोव्याच्या मुक्तिसंग्रामावर लिहिणाऱ्यांनीही स्वतःस विचारावा. पोर्तुगीज गेल्याचा दिवस आणि भाटाच्या कडेच्या झोपडीची भीती गेल्याचा दिवस एक नव्हता.

वेठबिगार निर्मूलनाचा १९७६ चा कायदा आमच्या मते स्वतंत्र भारताच्या उत्तम कायद्यांपैकी एक आहे. बापाच्या कर्जापायी मुलाने राबणे, जातीत जन्मल्यामुळे राबणे, उचल घेतल्यामुळे दुसरीकडे काम करण्याचा हक्क गमावणे, हे सारे त्याने वेठबिगारीत धरले. १८४३ च्या कायद्याला जे दिसले नव्हते, ते १३३ वर्षांनी कायद्याला दिसले. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले: किमान वेतनाहून कमी दराने राबण्यास भूक भाग पाडीत असेल, तर तीही सक्तीच होय आणि घटनेच्या तेविसाव्या कलमाचा भंगच होय. कराराच्या स्वातंत्र्याचे ते जुने दैवत त्या दिवशी देव्हाऱ्यातून खाली आले.

परंतु बारडोलीची कथा तेथे संपत नाही. सत्याग्रही खातेदारांच्या पुढील पिढीने त्या तालुक्यात सहकारी साखर कारखाना उभारला, आणि ऊस तोडावयास माणसे येऊ लागली ती खानदेशातून. मुकादमाकडून उचल घेऊन, बायकामुलांसह, शेताच्या कडेला पाल ठोकून. ब्रेमनने १९७८ साली त्यांच्याविषयी लिहिले. हे मजूर आमच्या महाराष्ट्रातले, आमच्या बोलींतून बोलणारे. सुरतेस सोने आणावयास गेलेल्या मराठ्यांचा इतिहास आम्ही पाठ केला. सुरतेस कोयता घेऊन गेलेल्या मराठी माणसांचा इतिहास लिहावयाचा आहे.

आमच्या टीकेचा मथितार्थ एवढाच. १६६४, १९०७ आणि १९२८ यांच्या कथा खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. त्या अपुऱ्या कज्जांचे हुकूमनामे आहेत असे म्हणतो. अशा हुकूमनाम्यावर कायद्यात एकच उपाय असतो: प्रकरण पुन्हा खालच्या न्यायालयाकडे पाठवावे, राहिलेल्या पक्षकारास सामील करावे, त्याची कैफियत घ्यावी आणि मग निर्णय द्यावा. येथे खालचे न्यायालय म्हणजे गाव, पाडा, उसाचे शेत. तेथपर्यंत चालत जाणारा लेखक सुरतेच्या इतिहासाला हवा आहे.